लिलीच्या वाफ्यात सोबतीला कोणती बारमाही झाडं लावावीत? लातूर, काळी माती

अंगणवेल, लातूर

नमस्कार मंडळी. घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत १२ फूट लांब आणि ४ फूट रुंद वाफा आहे. सकाळी सात ते साडेअकरा थेट ऊन, त्यानंतर घराची सावली. दक्षिणेच्या टोकाला कडुनिंब आहे, तिथल्या साधारण तीन फुटांत दिवसभर कवडसेच पडतात. माती काळी आणि भारी, वैशाखात बोट जाईल एवढ्या भेगा. माती परीक्षणात सामू ८.२ आणि मुक्त चुना जास्त आला. पाणी बोअरचं, तेही उन्हाळ्यात मोजून मापून.

वाफ्यात आत्ता लाल-केशरी हिपेस्ट्रमचे (नर्सरीवाले अमरेलिस म्हणतात तेच) २४ कंद आहेत, निंबाखाली फुटबॉल लिलीचे ८ आणि भुईचाफ्याचे ६, पुढच्या कडेला गुलाबी रेन लिली. होळीपासून वैशाखापर्यंत वाफा बघण्यासारखा असतो. अडचण नंतरची आहे. दसऱ्यानंतर पानं पिवळी पडून लोळतात, आणि दिवाळी ते महाशिवरात्र वाफा उघडा बोडका. मोकळी जागा समजून कोणीतरी खुरपं चालवतं आणि कंद कापले जातात. शिवाय पावसाळ्यात दरवर्षी तीन-चार कंद सडतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कंदांना त्रास न देता वर्षभर वाफा भरलेला ठेवतील अशी बारमाही झाडं कोणती? शेवंती आणि अबोली मनात आहेत, पुढे निशिगंधाची एक ओळही, ते जमेल का? आणि ऑनलाइन ट्युलिप, डॅफोडिलचे कंद दिसतात, ते याच वाफ्यात बसतील का?

---

रानकांदा, अंबाजोगाई

ताई, रंग आणि उंची नंतर बघा. आधी प्रत्येक झाडाला एकच कसोटी लावा: कार्तिक ते माघ, म्हणजे कंद झोपलेले असताना, त्या झाडाला नेमाने पाणी लागतं का? लागत असेल तर ते झाड कितीही देखणं असलं तरी या वाफ्यात नको.

कारण असं. हिपेस्ट्रमला वर्षातून आठ-दहा आठवडे कोरडी विश्रांती लागते. त्या काळात पानं नसतात किंवा नावाला असतात, म्हणजे मातीतला ओलावा ओढून घेणारं कोणी नसतं. काळी माती तो ओलावा आठ-आठ दिवस धरून ठेवते, रात्री गार असतात, आणि कंद बुडापासून मऊ पडायला लागतो. सड पावसाळ्यात दिसत असली तरी पुष्कळदा तिची सुरुवात हिवाळ्यातल्या पाण्याने झालेली असते. दुसरं म्हणजे विश्रांती मिळाली नाही की पानं हिरवी राहतात, पण दांडे कमी निघतात आणि मागेपुढे निघतात.

या कसोटीवर शेवंती बाद होते. तिच्या कळ्या आश्विनात धरतात, तेव्हापासून मार्गशीर्षापर्यंत तिला पाणी आणि खत दोन्ही भरपूर लागतं. म्हणजे बरोबर उलटं वेळापत्रक. शेवंती कुंड्यांत ठेवा आणि फुलं असताना कुंड्या वाफ्याच्या कडेला आणून मांडा.

तुमच्या जागेसाठी माझी पहिली पसंती कोरांटी, तीही जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांची. पिवळी काटेरी असते, तिच्यात हात घालून कंदांची निगा करणं अवघड जातं. कोरांटी साधारण ऑक्टोबर ते जानेवारी फुलते, म्हणजे तुमचा वाफा रिकामा असतो नेमका तेव्हाच. पाण्यावाचून तग धरते, भारी जमिनीत वाढते, चुनखडीचं तिला वावडं नाही. माघाच्या शेवटी, लिलीचे दांडे जमिनीतून डोकावायच्या सुमारास, तिला जमिनीपासून फूटभर ठेवून छाटून टाकायची. दांड्यांना उजेड मोकळा मिळतो, आणि फुलं संपेपर्यंत तिची नवी पालवी येऊन मे महिन्याच्या उन्हात कंदांच्या पानांवर थोडी सावली धरते. या कामासाठी इतकं जुळणारं दुसरं झाड आपल्या भागात सहज मिळत नाही, आणि तरीही नर्सरीत ते कोपऱ्यात पडलेलं असतं याचं वाईट वाटतं. आषाढात वीतभर काडी लावली तरी फुटते.

दुसरी सदाफुली. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं, कंदाच्या मुळांच्या थरात गर्दी करत नाही. पण तिला साचलेलं पाणी एक आठवडाही सोसत नाही, खोडाशी काळी पडून मरते. म्हणून ती वाफ्याच्या उंच कडेलाच लावा आणि दोन-तीन वर्षांनी रोपं बदला, जुनी झाडं लाकडाळ होऊन बुडाशी उघडी पडतात.

जमीन झाकायला पानओवा. मुळं उथळ, पानं जाड, हिवाळ्यात पंधरवड्याला दिलेल्या पाण्यावर भागतं, आणि दुपारची सावली त्याला आवडतेच. झोपलेल्या कंदांवर त्याची हिरवी चादर असली की खुरपं घेऊन कोणी तिकडे जात नाही. निंबाखाली मात्र रिओ लावा, वरून हिरवी आणि खालून जांभळी पानं असलेली. तिथे निंबाची मुळं सगळं पाणी ओढतात, रिओ त्यातही टिकते. छाटताना चीक कातडीला लागू देऊ नका, खाज सुटते. क्लोरोफायटमही तिथे चालेल, त्याच्या मुळांच्या गाठींत पाणी साठलेलं असतं. फक्त दर दोन वर्षांनी गड्डे विरळ करावे लागतात, नाहीतर ते भुईचाफ्याच्या अंगावर येतात.

वेडेलिया कोणी फुकट दिली तरी घेऊ नका. पिवळी फुलं छान दिसतात, पण ती प्रत्येक पेऱ्याला मूळ धरते आणि एका पावसाळ्यात कंदांवर जाळं विणते. नंतर ती उपटताना कंदही वर येतात. गुलबक्षीही नको, तिचं स्वतःचं मूळ गाजराहून जाड होतं आणि बी पडून रोपं उगवतच राहतात.

---

परभणीची माती, परभणी

वरच्या उत्तराशी सहमत. अबोली आणि निशिगंध यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ही जोडी लोक हौसेने एकत्र लावतात आणि दुसऱ्या वर्षी दोन्ही का खुरटली ते कळत नाही.

अबोली सूत्रकृमींना (मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) फार लवकर बळी पडते. निशिगंधावरही मुळांवर गाठी करणारी तीच सूत्रकृमी येते. दोन्ही शेजारी म्हणजे तिला बारा महिने खाद्य. लक्षणं वरून पाण्याच्या ताणासारखी दिसतात: पानं लहान आणि फिकट, दुपारी माना टाकलेल्या, पाणी देऊनही फरक नाही. रोप उपटून मुळं धुतली की बारीक गाठी दिसतात. एकदा मातीत शिरल्यावर ती पूर्ण जात नाही, फक्त आटोक्यात ठेवता येते. त्यासाठी चौरस मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळायची आणि एक हंगाम तिथे झेंडू दाट लावायचा. झेंडूच्या मुळांमुळे तिची संख्या कमी होते. मात्र झेंडू वाफाभर हवा, कडेला दोन रोपं लावून उपयोग नसतो.

अबोली हवीच असेल तर कुंडीत, विकत आणलेल्या रोपाची मुळं तपासून. निशिगंधाला दिवसाचं किमान सहा तास ऊन लागतं, तुमच्या वाफ्यात साडेचारच तास आहे. त्याला गच्चीवर किंवा दक्षिणेच्या मोकळ्या जागेत वेगळं ठेवा.

आता खताबद्दल. कंद म्हटलं की दुकानदार हाडांचा चुरा हातात ठेवतो. सामू ८.२ असलेल्या चुनखडीच्या मातीत त्यातला स्फुरद (फॉस्फरस) झाडाला जवळजवळ मिळत नाही, तो सुटायला माती आम्लधर्मी लागते. त्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट चौरस मीटरला ५० ग्रॅम, मृगाच्या पावसाआधी, कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. तुमचा वाफा साधारण साडेचार चौरस मीटर आहे, म्हणजे सगळ्याला सव्वादोनशे ग्रॅम पुरेल. गणपतीच्या सुमारास सल्फेट ऑफ पोटॅश चौरस मीटरला २० ग्रॅम. युरियाचं नाव काढू नका, त्याने पानं लुसलुशीत होतात आणि कंद पाणचट राहून सडीला बळी पडतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. मातीत लोह असतंच, चुन्यामुळे ते बांधलं जातं. म्हणून मातीत टाकण्यापेक्षा फवारणी करा: एक लिटर पाण्यात फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व १ ग्रॅम, संध्याकाळी, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. जुनी पानं दसऱ्यानंतर पिवळी पडतात त्यावर मात्र काहीही फवारायचं नाही, ती कंदाची नैसर्गिक विश्रांती आहे.

आणि घरातल्या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जाणारं पाणी निघतं ते या वाफ्यात ओतू नका. त्यात बोअरच्या पाण्यापेक्षाही क्षार जास्त असतात. पांढरा थर दिसायला लागला तर समजा की खाली मुळांशी त्याहून वाईट परिस्थिती आहे.

---

अंगणवेल, लातूर

खूप आभार. शेवंती आणि अबोली दोन्ही कुंडीत ठेवते. कोरांटी तर माहेरी कुंपणालाच आहे, काड्या मिळतील.

आता मांडणी कशी करू? अंतरं सांगाल का? कोरांटीला हिवाळ्यात थोडं पाणी दिलं तर ते लिलीच्या कंदांपर्यंत जाणार नाही का? आणि पिवळी पडणारी पानं आधीच कापून टाकली तर वाफा नीटनेटका दिसेल, ते चालेल का?

---

रानकांदा, अंबाजोगाई

पानं कापू नका, गाठही मारू नका. हिपेस्ट्रमच्या कंदात साधारण चार पानं झाली की एक फुलांचा दांडा तयार होतो, आणि तो पुढच्या वर्षीसाठी आत बसलेला असतो. म्हणजे पावसाळ्यात जितकी पानं धडधाकट, तितके पुढच्या फाल्गुनात दांडे. पान पूर्ण वाळून ओढल्यावर हातात आलं तरच काढा. पिवळेपणा झाकायचं काम कोरांटीचं आणि पानओव्याचं आहे.

मांडणी भिंतीपासून मोजू. निंबाखालचे तीन फूट सोडले तर ९ फूट लांबी उरते.

भिंतीपासून ३० सेंमीवर कोरांटीची ओळ, दोन झाडांत ७५ सेंमी, म्हणजे चार झाडं पुरेत. त्याहून जास्त लावलीत तर पावसाळ्यात लिलीच्या पानांवर सावली पडेल आणि वर सांगितलेला हिशोब बिघडेल. जुलैच्या शेवटी कोरांटीचे शेंडे एकदा खुडा, झाड बसकं राहतं आणि फुटवे वाढून फुलंही जास्त येतात. ऑगस्टनंतर मात्र कात्री लावू नका, कळ्या जातील.

हिपेस्ट्रमच्या दोन ओळी, पहिली भिंतीपासून ६५ सेंमीवर आणि दुसरी ९० सेंमीवर, तिरकस मांडून. ओळीत दोन कंदांमध्ये २५ सेंमी. प्रत्येक ओळीत १२ कंद बसतील, तुमचे २४ पूर्ण. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात पानओव्याची सहा कलमं, ४५ सेंमीवर एक. ती कंदावर लावायची नाहीत, चार कंदांच्या मधल्या मोकळ्या जागी लावायची. पावसाळ्यात तो माजतो, तेव्हा लिलीच्या पानांवर चढणाऱ्या फांद्या मोडून भजी करा. ऑक्टोबरपासून त्याला पसरू द्या. फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा बोटभर ठेवून छाटा, नाहीतर दांडे त्याच्यातून वाकडे निघतात.

पुढची कड ११० सेंमीवर. रेन लिलीचे पाच-सहा कंदांचे पुंजके ३० सेंमी अंतराने, आणि दर दोन पुंजक्यांनंतर एक बुटकी सदाफुली. सदाफुली रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या अखेरीस, एक तृतीयांश छाटा. रेन लिलीसोबत पांढऱ्या फुलांची जातही थोडी लावा. गुलाबी पहिल्या सरींना फुलते, पांढरी श्रावण-भाद्रपदात, आणि तिची गवतासारखी पानं थोड्या पाण्यावरही हिरवी राहतात.

पाण्याचं म्हणाल तर शंका रास्त आहे. काळ्या मातीत ठिबकचं पाणी खाली कमी आणि आडवं जास्त पसरतं. म्हणून दोन वेगळ्या नळ्या टाका आणि प्रत्येकीला स्वतंत्र कॉक. कोरांटीची नळी झाडाच्या भिंतीकडच्या बाजूला, ताशी २ लिटरची एक तोटी प्रत्येक झाडाला. हिवाळ्यात बारा-पंधरा दिवसांनी एक तास, बस. एवढ्या पाण्याचा ओलावा ६५ सेंमीपर्यंत पोचत नाही. पाइपने मोकळं पाणी सोडलंत तर मात्र सगळा वाफा भिजतो आणि दोन नळ्यांचा उद्देशच संपतो. पानओव्याला आणि सदाफुलीला त्या काळात झारीने, बुडाशी, पंधरा दिवसांनी प्रत्येकी अर्धा लिटर.

कंदांची नळी १५ ऑक्टोबरच्या सुमारास बंद. फेब्रुवारीच्या मध्याला पहिलं पाणी, एकदाच पण पोटभर, माती वीतभर ओली होईल इतकं. त्यानंतर दांडा बोटभर दिसेपर्यंत पुन्हा देऊ नका. दांडा दिसला की आठवड्याला एकदा, फुलं ओसरल्यावर एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांनी. अवकाळी पाऊस झाला तर तेवढे दिवस पाणी पुढे ढकला. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की मगच पुढचं पाणी, हे लिलीला गव्हाइतकंच लागू आहे.

फुलं सुकली की दांडा वीतभर ठेवून कापा, बोंडं धरू देऊ नका. बी भरण्यात कंदाची ताकद जाते.

प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना बांबूची कामटी रोवा, वर रंगाचा एक पट्टा. तुराटी (तुरीची वाळलेली काडी) लावतात पुष्कळजण, पण तिला एका हंगामात उधई (वाळवी) खाते.

---

गोदाकाठ, नांदेड

कडुनिंब वाफ्याच्या टोकालाच आहे, त्यावरून हुमणीची, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंग्याच्या अळीची, आठवण करून देतो. रोहिणी-मृगाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगे दिवेलागणीला जमिनीतून निघतात आणि निंब, बाभळीवर पाला खायला जमतात. तिथून उतरून जवळच्याच मातीत अंडी घालतात. ऑगस्ट-सप्टेंबरला अळी मोठी होते आणि मुळं कुरतडते. तेव्हा कंद वरून ठीक दिसतो, पण हलवला की सैल लागतो. भुंगे निघतात त्या तीन-चार संध्याकाळी साडेसात-आठला निंबाच्या फांद्या काठीने हलवा, खाली चादर पसरा, पडलेले भुंगे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. अर्धकच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या घरबसल्या येतात. पाकिटावरच्या मात्रेने मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) शेणखतात मिसळून जूनमध्ये दिलं तर आणखी चांगलं.

पावसाळ्यात लिलीच्या पानांवर काळी, पांढरे ठिपके आणि नारिंगी पट्टे असलेली अळी येते. चार दिवसांत पान खाऊन मानेत शिरते, आणि मानेत शिरली की कंद गेला. जुलैपासून दर दोन दिवसांनी पानांची खालची बाजू बघा. अळ्या लहान असताना पुंजक्याने असतात, तेवढं पान खुडून साबणाच्या पाण्यात टाकलं की काम होतं. जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंची) पावडर लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. बीटी मोठ्या अळीवर फारसं चालत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची.

दाट पानओवा आणि रिओ यांची एक बाजू लक्षात ठेवा: त्यांच्याखाली ओलसर सावली असते आणि शंखी गोगलगायींना तीच हवी असते. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनचे कोंब त्यांनी कसे फस्त केले ते सगळ्यांना माहीत आहे. जून-जुलैत संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याजवळ टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ वाफ्यात टाकू नका, तुमच्या मातीत क्षार आधीच भरपूर आहेत. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या घरात कुत्रं-मांजर असेल तर टाळा, त्यांना त्या जिवावर बेततात.

एक सावधानतेची गोष्ट. हिपेस्ट्रम, फुटबॉल लिली, रेन लिली, तिन्हींचे कंद विषारी. रेन लिलीची पानं आणि कंद लसणाच्या पातीसारखे, छोट्या कांद्यासारखे दिसतात. त्यामुळे या वाफ्यात लसूण, कांदापात कधीच लावू नका. पानओवा ओळखायला सोपा आहे, तरी पानं खुडताना घरातल्या सगळ्यांना फरक दाखवून ठेवा.

---

खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

ट्युलिपचं उत्तर राहिलं म्हणून लिहिते. ट्युलिपच्या कंदाला फुलण्याआधी १२ ते १६ आठवडे साधारण ९ अंशांखाली थंडी लागते, सलग. आपल्याकडे पौषात पहाटे पारा १० पर्यंत आला तरी दुपारी २८-३० असतो, आणि माती तर इतकी थंड होतच नाही. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेला ट्युलिप बगिचा मार्चअखेर फुलतो, कारण तिथे सबंध हिवाळा माती गारठलेली असते. तिथल्या किंवा युरोपातल्या याद्यांमध्ये ट्युलिपसोबत होस्टा, ब्रुनेरा, जिरेनियमच्या थंडीतल्या जाती सुचवलेल्या असतात. त्या झाडांनाही तीच थंडी हवी, म्हणून ती यादी इथे आणू नका. तिच्यामागचं कारण मात्र घेण्यासारखं आहे: कंदाची पानं सुकायला लागतात तेव्हा शेजारच्या झाडाची पानं वाढीला लागलेली असावीत. तेच काम इथे कोरांटी करते.

हौसच असेल तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात कागदी पिशवीत कंद ठेवा, बारा-तेरा आठवडे. त्या कप्प्यात सफरचंद, केळी नकोत. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते आणि नंतर नुसतं पान येतं. जानेवारीच्या सुरुवातीला कुंडीत लावा, पूर्वेच्या सावलीत. दांडा आखूड राहील, ऊन तापलं की फूल चार-पाच दिवसांत पाकळ्या टाकेल, आणि तो कंद पुढच्या वर्षी फुलणार नाही. म्हणून बारमाही वाफ्यात त्याला जागा द्यायचं कारणच नाही.

डॅफोडिलच्या मोठ्या पिवळ्या जातींचंही तसंच. पेपरव्हाइट नावाने मिळणाऱ्या पांढऱ्या नर्गिसला मात्र थंडीची गरज नसते. नोव्हेंबरमध्ये कुंडीत लावून बघता येईल.

---

अंगणवेल, लातूर

ट्युलिपचा विचार सोडला, नर्गिस कुंडीत लावून बघेन. शेवटचं एक: कंद तर आत्ता सपाट काळ्या मातीतच आहेत. ते काढून गादीवाफा (जमिनीपासून उंच केलेला वाफा) आत्ताच करू की थांबू? पाऊस तोंडावर आला आहे.

---

परभणीची माती, परभणी

आत्ता कंद हलवू नका. पानं वाढीला लागली आहेत, मुळं तुटली तर पावसाळा सावरण्यातच जाईल आणि जखमेतून सड शिरेल. या वर्षी फक्त पाणी बाहेर काढा. वाफ्याच्या पुढच्या बाजूने वीतभर खोल चर खणा, उताराकडे तोंड करून, आणि त्यातली माती वाफ्यात न टाकता बाहेर टाका. कंदांच्या मानेजवळ चढलेली माती हाताने बाजूला करा. हिपेस्ट्रमचा वरचा तिसरा भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. काळी माती फुगून-आकसून दरवर्षी त्याला गिळत जाते, मान ओली राहते आणि तुमचे तीन-चार कंद बहुधा त्यामुळेच जातात. कोरांटी आणि रिओ याच पावसात लावून घ्या, त्या मूळ धरतील. पानओवा आणि सदाफुली गादीवाफा झाल्यावरच लावा.

गादीवाफा डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत करा, कंद पूर्ण झोपलेले असताना. खुरप्याऐवजी खोदकाट्याने, कंदापासून वीतभर लांबून उचका. मुळं झाडून घ्या, कापू नका, जाड पांढरी मुळं पुढच्या वर्षी कामाची असतात. बुडाशी मऊ, तपकिरी आणि घाण वास येणारा कंद फेकून द्या, त्यावर औषध चालत नाही. नुसता एखादा कोरडा लाल डाग असेल तर तेवढे पापुद्रे काढा, कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) लिटरला १ ग्रॅमच्या द्रावणात पंधरा-वीस मिनिटं बुडवा आणि सावलीत तीन दिवस सुकवा.

वाफा २० ते २५ सेंमी उंच. माती दोन घमेली, जाडसर वाळू दोन, कुजलेलं शेणखत एक, हे प्रमाण. वाळू कमी टाकायचा मोह होतो, पण काळ्या मातीत थोडीशी वाळू म्हणजे उलट घट्ट होणारा गारा. मातीइतकी तरी हवी, नाहीतर वाळू टाकूच नका आणि शेणखतच दुप्पट करा. मुरूम वापरणार असाल तर पांढऱ्या खड्यांचा नको, तो चुनखडीचा असतो. निंबाच्या टोकाला उंची १० सेंमीच ठेवा, निंबाच्या खोडाला माती लागता कामा नये. फुटबॉल लिलीची मान मातीच्या बरोबरीला, भुईचाफ्याचे गड्डे ५ सेंमी खोल.

हिपेस्ट्रमला लागलेली पिल्लं आईच्या निम्म्याहून मोठी असतील तरच वेगळी करा. लहान पिल्लं तशीच राहू द्या, सुटी केली तर फुलायला तीन वर्षं घेतात. लावल्यावर पाणी द्यायचं नाही, आहे त्या ओलाव्यावर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तसंच सोडा. आच्छादनाला सोयाबीनचं भुसकट पाच सेंमी पसरा, पण प्रत्येक मानेभोवती चार बोटं जागा उघडी ठेवून. भुसकटात उधई दिसली तर ते काढून निंबाचा वाळलेला पाला घाला.